लायब्ररीचा पत्ता

गेल्या मे महिन्यात आमच्या छाननी मशीनचा कॉम्प्युटर जळाला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "पुण्याला फोन लावा." मी, दत्तोपंत, चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. पोरांना 'आधी स्वतः सोडवून बघ' म्हणत आलो आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आधी पुणं आठवलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढे जे घडलं त्याचा मला फार अभिमान आहे, आणि त्यात माझा वाटा किती होता हे लोकांना खरंखरं कळलेलं बरं.

निवृत्तीनंतर मी झरीच्या शेतकऱ्यांनी उभी केलेली बियाणे कंपनी सांभाळतो. सभासद दोनशे चाळीस, गोदाम एक, पत्र्याचं शेड एक, आणि त्या शेडमध्ये हे मशीन. वरून सोयाबीन ओतायचं. दाणे पन्हाळीवरून घसरत खाली येतात, मधे कॅमेरा त्यांचे फोटो काढतो, आणि फुटका, सुरकुतलेला, काळपट दाणा दिसला की हवेचा एक बारीक फवारा त्याला बाजूला उडवतो. कुठला दाणा ठेवायचा आणि कुठला उडवायचा, हे ठरवतो मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. गावात त्याला डोळ्याचं मशीन म्हणतात.

ते येण्याआधी हे काम बारा बाया हातानं करायच्या. त्यांची म्होरकी कमलबाई. वय साठीच्या पुढं, पण सुपातल्या दाण्यावरची केसाएवढी चीर तिला चष्म्याशिवाय दिसते. मशीन आलं तेव्हा आमचे अध्यक्ष आबासाहेब यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की एकही बाई घरी जाणार नाही. मशीन याच बायांनी चालवायचं. आणि त्या शिकल्याही.

कमलबाईची सून मंजुषा. माहेर चुडाव्याचं. लग्नाआधी तिथून रोज रेल्वेनं नांदेडला जाऊन तिनं कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.एस्सी. केलेलं, पहिल्या वर्गात. आमच्या कंपनीत ती काय करायची? पोत्यांना लावायची लेबलं छापायची. वाणाचं नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती इतके टक्के. दोन वर्षं ती हेच करत होती आणि आम्हा कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

तर त्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि येताना जोरात आली. शेडमधले दोन बल्ब फुटले आणि मशीनच्या कॉम्प्युटरमधून जळका वास यायला लागला. मशीनचं बाकी काही बिघडलं नव्हतं. कॉम्प्युटरची डिस्कही वाचली. पण डबा संपला.

पुण्याच्या ज्या छोट्या कंपनीनं मशीन बनवलं, तिथला श्रीनिधी नावाचा इंजिनिअर फोनवर भेटला. माणूस सरळ होता, काही लपवलं नाही.

"सर, नवा कॉम्प्युटर घ्याल, तो लगेच मिळेल. पण आमचा प्रोग्राम जुन्या सिस्टिमसाठी बांधलेला आहे. नव्यावर तसाच उचलून ठेवला तर चालणार नाही. मूळ कोडवरून तो पुन्हा बांधावा लागेल. जो हे करायचा, तो आमच्याकडून सोडून गेला. मी एकटाच आहे आणि हातातली कामं टाकून येता येत नाही. पंधरा जूननंतर येतो."

"पंधरा जूनला आमच्याकडे पेरणी असते," मी म्हणालो.

"हवा तर कोड मेलवर पाठवतो. करारात तसं आहेच. पण तुमच्याकडे तो बघणारं कुणी...?"

मी म्हणालो, "नाही."

मंजुषा माझ्यापासून सहा फुटांवर लेबलं कापत बसली होती.

मी पाटीवर हिशोब मांडला. छाननी राहिलेलं बियाणं सहाशे क्विंटल. एक बाई दिवसात अर्धा क्विंटल निवडते, बारा बाया म्हणजे सहा. शंभर दिवस लागणार आणि हातात पुरते पंचवीससुद्धा नव्हते. आबासाहेब ते आकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ट्रक सांगतो. मशीनच पुण्याला नेऊ. तिथं बसून करून घेऊ."

"आबासाहेब," मंजुषा म्हणाली, "मला तो कोड बघू द्या की."

दोघांनीही वळून पाहिलं. तिनं कात्री खाली ठेवली होती.

"तुला येतं का हे?" मी विचारलं. आज आठवलं की लाज वाटते, कारण माझा आवाज शाळेतल्यासारखा होता.

"हेच मशीन कधी केलं नाही, सर. पण कोड कसा बांधतात हे शिकलेय. आणि जमलं नाही तरी कोडचं काही बिघडत नाही. त्याची दुसरी प्रत ठेवूनच काम करीन. ट्रक मिळायला चार दिवस लागतील. ते चार दिवस मला द्या."

आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "चार दिवस," ते म्हणाले. "ट्रक मी सांगून ठेवतो, ताई. राग मानू नका."

"सांगून ठेवा," मंजुषा म्हणाली.

तिचा नवरा पंडित परभणीहून नवा कॉम्प्युटर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती शेडमध्ये बसली. मी शेजारी खुर्ची घेतली. बाया पलीकडे सूप घेऊन बसल्या होत्या. मशीन बंद म्हणून कामही बंद, हे कमलबाईला पटणारं नव्हतं.

मंजुषानं पुण्याहून मेलवर आलेला कोड उघडला, बांधणीचा हुकूम दिला, आणि दहा सेकंदांत पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हनायलंय ते?" कमलबाईनं सुपावरूनच विचारलं.

"लायब्ररी सापडत न्हाई म्हनायलंय, आत्या."

"लायब्ररी? पुस्तकाची?"

मंजुषा हसली, पण तिनं सासूला नीट समजावून सांगितलं, आणि तेव्हाच मलाही ते पहिल्यांदा समजलं. दाण्याचा रंग आणि आकार ओळखायचं अवघड काम पुण्याच्या कंपनीनं स्वतः लिहिलेलंच नव्हतं. ते जगातल्या दुसऱ्याच लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. कंपनीचा प्रोग्राम तिच्या जिवावर चालतो. आता प्रोग्रामचे सगळे तुकडे जोडून त्यांचा एक चालता प्रोग्राम बनवून देणारं एक हत्यार असतं. त्याला ती लायब्ररी कॉम्प्युटरमध्ये कुठल्या जागी ठेवली आहे हे सांगावं लागतं.

"मग सांग की त्याला," कमलबाई म्हणाली.

"सांगितलेलं हाय. पन पुण्याच्या त्या जुन्या साहेबाच्या कॉम्प्युटरमधली जागा सांगितलीय. त्यांच्या नावाचं कपाट, त्यांच्या नावाचा कप्पा. आपल्या कॉम्प्युटरात ते कपाटच न्हाई."

"म्हंजे त्यानं सोताच्या घरचा पत्ता लिहून ठिवला."

"हां. आन् सोडून गेला."

सगळ्या बाया हसल्या. मंजुषानं फाइलमधली ती ओळ मला दाखवली. खरंच, पत्त्यात त्या माणसाचं नाव होतं. मी म्हणालो, "मग तिथं आपला पत्ता घाल, संपलं."

"आपल्याकडे आधी लायब्ररी तर पाहिजे, सर."

तिनं इंटरनेटवरून ती उतरवून घेतली. हुकूम पुन्हा दिला. पुन्हा लाल अक्षरं, तीच. मी मनात म्हटलं, झालं. पण ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वाचत गेली आणि वीसेक मिनिटांनी म्हणाली, "अर्धीच आलीय." लायब्ररीचे दोन भाग असतात म्हणे : एक प्रोग्राम चालताना लागणारा, दुसरा प्रोग्राम जोडताना लागणारा. तिनं पहिला आणला होता, दुसरा राहिला. तो आणल्यावर लाल अक्षरं गेली आणि 'सापडली' असा शब्द आला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात जोडणी सुरू झाली आणि पडदा चुकांनी भरून गेला. मी मोजायचा प्रयत्न केला. एकशे बारा भरल्या.

"आता?"

"ही नवी आवृत्ती आहे, सर. चौथी. आपला प्रोग्राम तिसरी वापरायचा. मधल्या काळात त्यांनी आतली नावं बदलली." तिनं पदरानं कपाळ पुसलं. पत्र्याखाली त्या वेळी त्रेचाळीस अंश असेल. "दोन वाटा आहेत. एकशे बारा ठिकाणी आपला कोड बदलायचा. पण मग दाणे ओळखण्यात काही फरक पडला तर तो कुठून आला ते मला सांगता येणार नाही. नाहीतर जुनी तिसरी आवृत्ती तिच्या मूळ कोडवरून इथं बांधायची."

"सोपं कुठलं?"

"दोन्ही नाही," ती म्हणाली. "पण दुसरं खात्रीचं आहे."

मला ते उत्तर फार आवडलं. गणितात असं उत्तर देणारी पोरं मला चौतीस वर्षांत बोटावर मोजण्याइतकी भेटली.

जुनी आवृत्ती बांधायला त्या कॉम्प्युटरला चार तास लागणार होते. पहिल्या खेपेला अडीच तासांनी लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सुरू केलं, तर साडेनऊला कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडला.  मंजुषानं डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली. मी पाठोपाठ गेलो नाही. शिक्षकाला एवढं कळतं, की काही वेळ पोरीला एकटीला सोडायचं असतं.

त्याच वेळी आबासाहेब आले. ट्रकवाल्याचा निरोप होता, परवा गाडी मोकळी आहे. "काय म्हणता सर? कितपत आलंय?"

मी खरं सांगितलं : लायब्ररी अजून उभी राहिलेली नाही.

"मग परवा भरून टाकू," ते म्हणाले. "पोरीनं खटपट केली, लय झालं. दोष कुणी देत न्हाई."

कमलबाई सूप ठेवून उठली. तिला वाटलं असावं की सून ऐकत नाही. पण मंजुषा दारात येऊन उभी होती.

"आबासाहेब, तुमी चार दिवस म्हनला होता," कमलबाई म्हणाली. "आज दुसरा हाय. तुमी शब्द मोडायलाय का?"

"तसं न्हाई, कमलबाई..."

"मंग परवापर्यंत ट्रकाचं नाव काढायचं न्हाई." आणि सुनेकडे वळून, "त्या डब्याला गरम व्हायलं का?"

"व्हय, आत्या. तापून बंद पडायलाय."

कमलबाई चपला घालून निघून गेली. अर्ध्या तासानं पंडितच्या टेम्पोत घरचा कूलर घालून परत आली. तो मोठा पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला, दोघांनी उचलून आत आणला. "रातच्याला आमी अंगनात झोपू," ती म्हणाली. "ह्येला थंड करा आधी." पाणी कॉम्प्युटरवर उडू नये म्हणून मंजुषानं तो सहा हात लांब, तिरका ठेवला, आणि एकाच वेळी सगळी ताकद न लावता निम्म्या ताकदीनं बांधणी चालू केली. वेळ जास्त लागणार, पण डबा तापणार नाही. लाईटची भीती होतीच. त्यासाठी गोदामातला इन्व्हर्टर शेडमध्ये आणला.

पडद्यावर टक्के चढत गेले. बाया निवडता निवडता मधूनच ओरडून विचारायच्या, "किती झालं गं?" आणि मी मोठ्यानं सांगायचो, "एकतीस. अठ्ठेचाळीस." दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरनं धरलं. कूलर थांबला, तेव्हा दोन बाया सुपानंच वारा घालत उभ्या राहिल्या. मंजुषा नको नको म्हणत होती, त्या ऐकेनात. संध्याकाळी सातला शंभर झाले. तिसरी आवृत्ती तिनं वेगळ्या, तिच्यासाठीच काढलेल्या कप्प्यात ठेवली, नव्या चौथीशी मिसळू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून सातच्या आधीच पोचलो. तिनं बांधणीच्या हत्याराला नव्या कप्प्याचा पत्ता दिला. हुकूम दिला. 'सापडली.' मी श्वास सोडला. जोडणी सुरू झाली. आणि पुन्हा त्याच एकशे बारा चुका.

मला खरंच कळेना. पत्ता दिला, लायब्ररी तिथं आहे, हत्यार म्हणतंय सापडली, आणि तरी चुका त्याच. मी म्हणालो, "बाई, पुन्हा एकदा चालव."

"पुन्हा चालवून तेच येईल, सर." ती पडद्याकडे टक लावून होती. "हे म्हणतंय सापडली. पण काय सापडलं ते मी वाचलंच नाही."

ती वरच्या ओळीकडे गेली. सापडलेल्या लायब्ररीचा आवृत्ती क्रमांक तिथं लिहिलेला होता. चौथी. म्हणजे हत्यार नव्या पत्त्यावर गेलंच नव्हतं. ते अजून त्या परवाच्याच लायब्ररीला धरून बसलं होतं.

"मी सांगूनही का जात नाही ते?" ती स्वतःशीच बोलत होती. तिनं त्या हत्याराची माहिती उघडली. इंग्रजी पानं, बारीक अक्षर. ती बोट ठेवून वाचत होती, एक पान, दुसरं, मग मागं. बाया आल्या, सूप घेऊन बसल्या, निवडायला लागल्या. नऊ वाजले. साडेनऊला तिनं एकदम खुर्ची मागं सरकवली.

"टिपून ठेवतंय ते!"

"काय?"

"सर, एकदा लायब्ररी सापडली की हे हत्यार तिचा पत्ता एका फाइलीत टिपून ठेवतं. पुढच्या वेळी आधी टिपण बघतं. तिथं पत्ता असला तर शोधायला जातच नाही. मी परवा चौथी आवृत्ती दिली होती, ती त्यानं टिपली. आज मी कितीही नवा पत्ता दिला तरी ते जुनंच टिपण वाचतंय."

तिनं बांधणीचा अख्खा कप्पा पुसून टाकला. मूळ कोड नाही, फक्त त्या हत्यारानं तयार केलेलं सगळं. कोरी पाटी. मग हुकूम दिला. या खेपेला 'सापडली' आलं. तिनं आधी आवृत्ती वाचली. तिसरी. मग पत्ता वाचला, एकेक अक्षर, बोटानं. तिनं काढलेला कप्पा. तेव्हा कुठं तिनं जोडणी चालू केली. एक, दोन, पाच मिनिटं. एकही लाल अक्षर नाही. शेवटची ओळ आली आणि पडदा शांत झाला.

"झालं?" कमलबाईनं विचारलं.

"बांधून झालं, आत्या. आता तुमी बघा, दानं वळखतंय का."

कमलबाईला हेच हवं होतं. तिनं दहा किलो निवडलेलं बियाणं घेतलं आणि त्यात शंभर खराब दाणे मोजून मिसळले. नुसते फुटके-काळे नाही; त्यात तिनं चिरेचे, पोटात सुरकुतलेले, एका बाजूनं हिरवे असे लबाड दाणे घातले, जे नव्या बाईच्या हातून हमखास सुटतात. जुन्या डिस्कवरच्या सेटिंग मंजुषानं आधीच आणून ठेवल्या होत्या. मशीन चालू झालं. हवेचा तो टिक्-टिक् आवाज चार दिवसांनी शेडमध्ये ऐकू आला आणि एकाही बाईचा हात सुपात हलेना.

बाजूच्या डब्यात पडलेले दाणे कमलबाईनं फडक्यावर ओतून मोजले. शहाण्णव. मग चांगल्या दाण्यांचा ढीग पसरून, कुणाला हात लावू न देता, उरलेले चार शोधून काढले. पंधरा मिनिटं लागली तिला. ते चार दाणे तळहातावर घेऊन ती दारापाशी उजेडात गेली, उलटेपालटे करून बघितले.

"ह्ये चार मीबी सोडले असते," ती म्हणाली. "चालू करा."

मग तिनं सुनेकडे बघितलं. ती तोंडभर कौतुक करणारी बाई नाही. तिच्या तोंडून कुणाची स्तुती मी कधी ऐकलेली नाही. पण ती बाकीच्या अकरा जणींकडे वळली आणि जणू कुणाला माहीतच नव्हतं अशा थाटात म्हणाली, "सून हाय माझी. चुडाव्याची."

आबासाहेब अकराला आले. मशीनचा आवाज त्यांना रस्त्यावरच ऐकू आला असणार, कारण गाडीचं दार उघडंच टाकून ते आत शिरले. दाणे बघितले, पडदा बघितला. मंजुषापुढं उभे राहून म्हणाले, "ताई, ट्रकाला मी न्हाई म्हणून सांगतो. आन् एक सांगतो, मला वाटलं नव्हतं. माझी चूक झाली."

माझंही तेच म्हणणं होतं. मीही म्हणालो. तिनं मान खाली घातली नाही. पूर्वी घालायची.

"आबासाहेब, एक मागू का?"

"मागा."

"लेबलं आता दुसऱ्या कुणाला द्या. मशीनचा जिम्मा मला द्या."

"दिला," आबासाहेब म्हणाले. "आजपासून."

बियाणं मुदतीत छानून झालं. एवढ्यावर मी खूश होतो. पण मंजुषा नव्हती. सहाशे क्विंटल निघाल्यावर ती पुन्हा त्या फाइलीला बसली. मी विचारलं, चालतंय तर आता काय?

"चालतंय सर, पण मीही तेच केलंय की. त्या साहेबानं त्याच्या घरचा पत्ता लिहिला, मी माझ्या घरचा. उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं की पुन्हा सापडणार नाही."

तिनं आठवडा घेतला. कुणाचाही पत्ता फाइलीत राहू दिला नाही. लायब्ररी जिथं असू शकते त्या जागा हत्यारानं स्वतः धुंडाळाव्यात, वेगळीकडे ठेवली असेल तर वापरणाऱ्यानं बाहेरून पत्ता द्यावा, तिसरीच आवृत्ती घ्यावी, चौथी दिसली तर नको म्हणावं, आणि काहीच सापडलं नाही तर नुसती लाल अक्षरं न ओकता, काय आणा आणि कसं आणा हे सरळ सांगावं, अशी ती बांधणी तिनं लिहिली. तो संदेश तिनं मराठीत लिहिला. त्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक मी सुधारली. या सगळ्या प्रकरणातलं माझं काम एवढंच.

तिनं ते पुण्याला पाठवलं. चौथ्या दिवशी श्रीनिधीचा फोन आला. मी फोन तिच्याकडे दिला आणि स्पीकर चालू ठेवायला सांगितला, कारण मला आणि शेजारी बसलेल्या आबासाहेबांना ऐकायचं होतं.

"मॅडम, तुमची फाइल मी तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर लावून बघितली. तिन्हीकडे लायब्ररी सापडली. मला दोन वर्षं हे करायचं होतं, झालं नाही. आम्ही आता सगळ्या मशीनबरोबर हीच देणार आहोत. वर तुमचं नाव ठेवतोय. चालेल ना?"

"चालेल," मंजुषा म्हणाली. "नाव पूर्ण लिहा. खाली गाव लिहा, झरी, जिल्हा परभणी."

"लिहितो. अजून एक. चारठाण्याला आमचं असंच मशीन आहे, तिथला कॉम्प्युटर फार जुना झालाय. मला यायला वेळ लागेल. तुम्ही जाल का?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आबासाहेबांकडेही नाही. "जाईन," म्हणाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चारठाण्याला गेलो. पंडित टेम्पो चालवत होता, पुढं मंजुषा, मागं मी आणि कमलबाई. कमलबाईचं तिथं काही काम नव्हतं. पण दाणे तपासायला कुणीतरी लागेल असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. तिथल्या शेतकरी गटाचे लोक वाट बघत होते. त्यांतल्या एकानं पुढं होऊन मला नमस्कार केला आणि म्हणाला, "या इंजिनिअर साहेब."

"मी गणिताचा मास्तर," मी सांगितलं. "इंजिनिअर बाई या."

त्या माणसाची थोडी गडबड झाली, मग त्यानं मंजुषाला नमस्कार केला आणि आत नेलं. तिथं मशीन चालवणारी बाई होती रेणुका, पस्तिशीची, बारावी शिकलेली. नव्या कॉम्प्युटरला हात लावायला भीत होती. मंजुषानं खुर्ची ओढली, पण स्वतः बसली नाही.

"तुम्ही बसा, रेणुकाताई."

"मी? मला न्हाई जमायचं. माझ्याकून काही बिघडलं म्हंजे?"

"काही बिघडत न्हाई. मी हाय इथं. लिहा, मी सांगते."

रेणुकानं एका बोटानं, अक्षर शोधत शोधत हुकूम लिहिला. मंजुषा मागं उभी होती, हात पाठीशी बांधून. रेणुकानं शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर मराठीत ओळ आली : लायब्ररी सापडली नाही, तिसरी आवृत्ती आणा, अशी आणा. रेणुकानं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "मराठीत सांगायलंय की!" सांगितल्याप्रमाणे तिनं आणली. ही लायब्ररी श्रीनिधीनं तयार बांधून पाठवलेली होती, त्यामुळे चार तास थांबावं लागलं नाही. दुसऱ्यांदा हुकूम दिला.

सापडली.

"आता आधी काय करायचं?" मंजुषानं विचारलं.

"चालू करायचं?"

"न्हाई. काय सापडलं ते वाचायचं. आवृत्ती वाचा, मग पत्ता वाचा."

रेणुकानं पडद्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली, "आवृत्ती... तिसरी." कमलबाई माझ्याशेजारी उभी राहून तिच्या बोटाकडे बघत होती.